भाड्याच्या इमारतीत हॉस्पिटल आणि फायर एनओसी: आधी जिना मोजा, मग कोटेशन बघा

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नवरा-बायको डॉक्टर. जिल्ह्याच्या गावी 25 खाटांचं हॉस्पिटल काढायचंय, त्यातल्या 5 खाटा अतिदक्षतेच्या. जागा भाड्याची. तळमजला अधिक 4 मजल्यांची जुनी इमारत, खाली दुकानं, पहिला आणि दुसरा मजला तुम्हाला मिळणार, वर राहते फ्लॅट. जागामालक म्हणतात, इमारत 15 मीटरच्या आत आहे, फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखला, लागतच नाही. आर्किटेक्ट म्हणतात, आधी इंटिरियर उरकून घेऊ, एनओसीचं शेवटी बघू. आणि एका एजन्सीने 'उपकरणं आणि एनओसी, सगळं मिळून एकरकमी' असं कोटेशन हातात ठेवलंय. तुम्ही विचारलंय की कागद कोणते लागतात, दिवस किती जातात आणि या तिघांपैकी कोणाचं ऐकायचं.

तिघांचंही ऐकू नका. तुम्ही अजून भाडेकरारावर सही केलेली नाही असं लिहिलंय, तेवढी एक गोष्ट सध्या तुमच्या बाजूने आहे. ती सही जरा थांबवा.

मी इमारतींच्या अग्निसुरक्षेचा सल्लागार म्हणून काम करतो. लहान हॉस्पिटलांची जी प्रकरणं अडकून माझ्याकडे येतात, त्यांत आग विझवायची नळकांडी, पंप, धूर ओळखणारे डिटेक्टर यांवरून अडलेली फार थोडी असतात. ही सगळी बाजारात मिळणारी वस्तू आहे, पैसे टाकले की आठवड्याभरात भिंतीवर लागते. अडतं ते जिन्यावर, बोळावर, बाजूच्या मोकळ्या जागेवर आणि इमारतीच्या जुन्या कागदांवर. यातलं काहीही विकत आणता येत नाही. म्हणून कागदांची यादी नंतर देतो, आधी इमारत बघू.

पहिला मुद्दा 15 मीटरचा, कारण तो मला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे 2016 च्या एनबीसीत, 15 मीटर आणि त्यापुढची इमारत उंच इमारत धरली जाते. मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, हीच रेषा 24 मीटरवर आहे. हे आकडे लोकांच्या तोंडात बसलेत आणि त्यातून 'त्याखाली काही लागत नाही' असा समज पसरलाय. उंची ही एक कसोटी झाली. दुसरी कसोटी वापराची. चार मजली राहती इमारत आणि त्याच चार मजल्यांत झोपून असलेले, सलाईन लावलेले, ऑपरेशन झालेले रुग्ण, या दोन गोष्टी कायद्याच्या नजरेत एक नाहीत. जो माणूस स्वतःच्या पायाने उतरू शकत नाही त्याच्यासाठीचे निकष वेगळे आणि कडक आहेत. शिवाय हे सगळं बाजूला ठेवलं तरी हॉस्पिटलची नर्सिंग होम म्हणून नोंदणी करायला जाल तेव्हा अग्निशमनचा दाखला मागितला जाणारच, आणि ती नोंदणी दर 3 वर्षांनी नव्याने करावी लागते. म्हणजे मालकांचं म्हणणं त्यांच्या वरच्या फ्लॅटांपुरतं कदाचित चालून जाईल, तुमच्या दोन मजल्यांना नाही.

हा दाखला कोण देणार, हे गावावर अवलंबून आहे. महानगरपालिका असेल तर तिथले मुख्य अग्निशमन अधिकारी. जागा एमआयडीसीच्या हद्दीत असेल तर एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन खातं. नगरपरिषद लहान असेल आणि तिथे तसा अधिकारी नसेल तर प्रकरण राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे जाऊ शकतं, त्यांचं कार्यालय मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरीत आहे. सगळ्यांच्या मुळाशी कायदा एकच: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 आणि त्याखालचे 2009 चे नियम. पण अर्ज ऑनलाइन की खिडकीवर, शुल्क किती, नकाशांच्या प्रती किती, हे प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं बदलतं. तुमच्या शहराचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून शुल्काचा आकडा मी देत नाही. क्षेत्रफळ आणि वापर यांवरून ते ठरतं, अर्ज करण्याआधी तिथल्या कार्यालयात जाऊन विचारलं तर दहा मिनिटांत कळेल.

आता इमारतीचे जुने कागद. मालकांकडून तीन गोष्टी मागा: मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि फ्लॅट विकलेले असतील तर सोसायटीची किंवा फ्लॅटधारकांची लेखी संमती. तुमच्या वर्णनातल्या इमारती मी बऱ्याच पाहिल्यात. मंजूर नकाशात पहिल्या मजल्यावर ऑफिसं आणि दुसऱ्यावर फ्लॅट असतात. तिथे हॉस्पिटल करायचं तर नगररचना विभागाकडून वापरबदलाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मागितली की पार्किंग, समोरच्या रस्त्याची रुंदी, बाजूची मोकळी जागा हे सगळं नव्याने तपासलं जातं. भोगवटा प्रमाणपत्रच नसेल तर पुढे जाऊ नका. 'अर्ज केलाय, येईलच' हे वाक्य ऐकलंत तर अर्जाची पोच मागा आणि त्यावरची तारीख बघा.

नकाशा हातात आला की तो घेऊन इमारतीभोवती एक चक्कर मारा. नकाशात बाजूला मोकळी जागा दाखवलेली असते. प्रत्यक्षात तिथे दुकानदाराने पत्रा टाकून गोडाऊन केलेलं असतं, कुणाचा जनरेटर बसलेला असतो, नाहीतर सोसायटीने देऊळ बांधलेलं असतं. अग्निशमनचा माणूस पाहणीला येतो तेव्हा आधी गाडी कुठपर्यंत आत येईल हे बघतो. उंच इमारतींना भोवती 6 मीटर मोकळी वाट, वळणाला 9 मीटर त्रिज्या आणि 45 टनांची गाडी पेलणारी जमीन लागते. तुमच्या उंचीला ही मागणी तेवढ्या कडकपणे येईलच असं नाही, पण बंब दर्शनी बाजूला पोचला पाहिजे आणि त्याची शिडी खिडक्यांना लागली पाहिजे, एवढं तर कोणीही बघणार. समोर विजेच्या तारा आडव्या गेल्या असतील तर तेही टिपून ठेवा.

मग जिना. यासाठी मेजरटेप घेऊन स्वतः जा. भिंतीच्या गिलाव्यापासून रेलिंगच्या आतल्या कडेपर्यंत मोजा, कारण पाहणीत तेवढंच माप धरलं जातं. नकाशात लिहिलेलं माप विटेपासून विटेपर्यंतचं असतं आणि त्यातलं बरंचसं गिलावा, फरशी आणि रेलिंग खाऊन टाकतात. 10 पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलला 2 मीटर रुंद जिना लागतो. जुन्या दुकान-फ्लॅटच्या इमारतीत तो बहुतेक 1.2 मीटरच्या आसपास असतो. खाट हलवण्याचा बोळ 2.4 मीटरचा लागतो, आणि तुमच्या आर्किटेक्टच्या डोक्यात बहुधा 1.5 मीटरचा बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या असतील, कारण त्याने खाटा जास्त बसतात. हा हिशेब आत्ताच मांडा. 25 खाटांचा आराखडा नियमात बसवता बसवता 18 वर आला तर तुमचं भाडं, कर्जाचा हप्ता आणि स्टाफचा पगार यांचं गणित जुळतं का, हे सहीच्या आधी कळलेलं बरं.

जिना अरुंद आहे म्हणजे सगळं संपलं असं नसतं. दुसरा जिना बाहेरून देता येतो, बाजूला जागा असेल आणि नगररचना विभाग मंजुरी देणार असेल तर. बाहेरच्या जिन्यालाही किमान 1.25 मीटर रुंदी लागते. गोल लोखंडी जिना लावून वेळ मारून न्यायचा सल्ला मिळेल. त्यावरून धडधाकट माणूस उतरेल, रुग्णाला स्ट्रेचरवरून कोण आणि कसं उतरवणार? लिफ्ट या हिशेबात धरूच नका. आगीच्या वेळी साधी लिफ्ट वापरायची नसते आणि पाहणीतही ती बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून मोजली जात नाही.

तुमच्या इमारतीत आणखी एक अडचण मला दिसते. वरच्या फ्लॅटांचा आणि तुमच्या हॉस्पिटलचा जिना एकच असेल तर खालच्या दुकानातला धूर त्याच जिन्यातून तुमच्या वॉर्डात येईल आणि तुमचा धूर वरच्या बिऱ्हाडांत जाईल. वेगवेगळ्या वापरांमध्ये 2 तास तग धरणारी भिंत आणि तसाच दरवाजा लागतो. जिन्याच्या तोंडाशी अग्निरोधक दरवाजा बसवायचा, तो आपोआप बंद झाला पाहिजे आणि पळण्याच्या दिशेने उघडला पाहिजे. हा दरवाजा तुमच्या नर्सच्या रोजच्या ये-जाला अडथळा होणार आणि कुणीतरी त्याला विटेचा ठोकळा लावून उघडा ठेवणार, हे मी आजच लिहून देतो. चुंबकावर उघडा राहणारा आणि अलार्म वाजला की सुटून बंद होणारा दरवाजा मिळतो. थोडा महाग पडतो, पण हॉस्पिटलात तोच घ्या.

आता अतिदक्षता विभागाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही त्याचा उल्लेख फक्त एका आकड्यात केलाय. 2021 हे एकच वर्ष आठवा. 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली. 23 एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयात आणि 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आगी लागल्या. तिन्ही अतिदक्षता कक्षांतल्या. हा योगायोग नाही. त्या खोलीत ऑक्सिजन सतत सुटत असतो, त्यामुळे गादी, चादर, प्लास्टिकची नळी, सगळं एरवीपेक्षा लवकर आणि जोरात पेटतं. एसी चोवीस तास, महिनोन् महिने बंद न होता चालतो. व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, वॉर्मर एकाच भिंतीवरच्या बोर्डाला लावलेले असतात आणि कमी पडलं की एक्स्टेंशन बोर्ड येतो. खिडक्या एसीसाठी सील केलेल्या. आणि रुग्ण असा की ज्याला नळ्यांसकट हलवायला तीन-चार माणसं लागतात, तर रात्री ड्यूटीवर दोन असतात. आगीच्या आधी धूर मारतो, आणि बंद खोलीत तो काही मिनिटांत छातीपर्यंत उतरतो.

यावर मी तुमच्या जागी काय करीन ते सांगतो. अतिदक्षता विभाग दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या कोपऱ्यात टाकायचा मोह होतो, कारण तिथे शांतता असते. मी तो पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या जवळ घेईन. त्या मजल्याचे अग्निरोधक भिंतीने दोन भाग करीन, म्हणजे खाट ढकलत आधी त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या भागात नेता येते आणि खाली उतरवण्याचा निर्णय मग घेता येतो. हॉस्पिटलात रुग्ण वाचवण्याची खरी पद्धत हीच आहे. एक-दोन खिडक्या आतून उघडता येतील अशा ठेवीन. ऑक्सिजनची लाइन बंद करायचा व्हॉल्व्ह विभागाच्या दाराबाहेर, हात पोचेल अशा उंचीवर बसवीन आणि रात्रपाळीच्या प्रत्येक नर्सला तो स्वतःच्या हाताने एकदा फिरवायला लावीन. विजेचा एकूण भार लायसन्सधारक कंत्राटदाराकडून मोजून घेईन, एसीची वायर आणि एमसीबी स्वतंत्र ठेवीन आणि वॉर्डात एक्स्टेंशन बोर्ड दिसला की तो उचलून न्यायचा अधिकार मेट्रनला देईन. यातलं काही नियमात लिहिलेलं आहे, काही नाही. पाहणी अधिकारी अनुभवी असेल तर सगळंच विचारेल.

पाण्याचं थोडक्यात. गच्चीवर आगीसाठी राखीव पाणी लागेल, तिथून खाली येणारा पाइप म्हणजे डाऊनकमर, प्रत्येक मजल्यावर होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी, आणि गच्चीवर पंप. नेमके किती लिटर हे इमारतीचा वर्ग ठरल्यावर सल्लागार काढून देईल. खरा प्रश्न वेगळाच आहे: गच्ची कोणाची? वरच्या फ्लॅटवाल्यांची असेल तर टाकी बसवायला, पाइप न्यायला त्यांची संमती हवी आणि स्लॅब ते वजन पेलेल का, याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला हवा. टाकीची जोडणी अशी करून घ्या की महापालिकेचं पाणी आधी आगीच्या टाकीत पडेल आणि ती भरून ओसंडलेलं पाणी वापराच्या टाकीत जाईल. मग पाणी शिळं राहत नाही आणि राखीव साठाही कोणी नकळत वापरून टाकत नाही. पंपाची वीज मुख्य स्विचच्या आधीपासून घ्यायची, कारण आग लागली की पहिल्यांदा कोणीतरी मुख्य स्विच पाडतं.

आता परवानगीचा क्रम, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. फायर एनओसी दोन टप्प्यांत मिळते. पहिली प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती. ती नकाशावर मिळते, काम सुरू करण्याआधी. त्यासाठी आर्किटेक्टचा प्रस्तावित नकाशा, जुना मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालकी किंवा भाड्याचा कागद, अग्निसुरक्षा यंत्रणेची ड्रॉइंग आणि शुल्काची पावती लागते. या एनओसीत तुम्ही काय काय करायचं याची अटींची यादी असते. ती यादी म्हणजे तुमच्या कामाचा खरा आराखडा. तोच हातात घेऊन एजन्सीकडून कोटेशन घ्यायचं असतं. तुमच्या हातातलं आजचं एकरकमी कोटेशन कशाच्या आधारावर काढलंय, हे त्या एजन्सीला विचारा. उत्तर 'अनुभवावरून' असं येईल.

काम राज्याच्या अग्निशमन सेवेचा परवाना असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यावं लागतं. परवान्याचा वर्ग आणि मुदत बघा, आणि परवाना त्याच एजन्सीच्या नावाचा आहे ना हेही बघा. दुसऱ्याच्या परवान्यावर काम करणारे कमी नाहीत. काम पूर्ण झालं की ती एजन्सी 'फॉर्म ए' देते. यंत्रणा बसवली आणि ती चालू स्थितीत आहे, असं ती त्यात स्वतःच्या सहीने सांगते. त्यानंतर तुम्ही अंतिम एनओसीचा अर्ज करता, अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करतात आणि अटी पूर्ण असतील तर अंतिम दाखला मिळतो. वापरबदल आणि नर्सिंग होमची नोंदणी या साखळीत पुढेमागे गुंतलेली असते.

यावरून आर्किटेक्टच्या 'आधी इंटिरियर' म्हणण्याचं काय करायचं ते कळेल. फॉल्स सीलिंग लावून झाल्यावर त्याच्या आत डिटेक्टर टाकायचा तर सीलिंग पुन्हा उतरवावं लागतं. सीलिंगवरची पोकळी 800 मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिथेही डिटेक्टर लागतो, हे इंटिरियरवाल्यांच्या गावीही नसतं. विजेच्या आणि पाण्याच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावर भोकं सील करायची असतात, लाकडी पॅनेलिंग झाकल्यावर ती कोण उघडणार? आणि पार्टिशनसाठी स्वस्त प्लायवूड, रेक्झिन, फोम वापरला तर पाहणीत ते काढायला सांगतात. काढायला सांगितलंच पाहिजे.

पाहणीच्या दिवसाबद्दल बरेच जण घाबरतात, म्हणून तो दिवस कसा जातो ते सांगतो. चांगला अधिकारी फाईल फार वेळ बघत नाही. तो गच्चीवर जातो. गच्चीच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला गेलेला. हे त्याच्या वहीत पहिलं टिपण म्हणून जातं. मग पंपाचं पॅनेल. त्यावर ऑटो, मॅन्युअल, ऑफ असा एक फिरवायचा खटका असतो. निम्म्या ठिकाणी तो ऑफवर सापडतो, कारण रात्री पंप आपोआप सुरू झाला की वरचे फ्लॅटवाले तक्रार करतात. तो ऑटोवर टाकून अधिकारी खाली एका होज रीलचा नळ सोडायला सांगतो आणि गेजकडे बघत उभा राहतो. दाब खाली गेला की पंपाने स्वतःहून सुरू व्हायला हवं. मग तो एजन्सीच्या माणसाला बाजूला थांबायला सांगतो आणि तुमच्या वॉर्डबॉयला विचारतो, 'हे नळकांडं उचल आणि चालवून दाखव.' पिन कुठली ओढायची, हे त्याला माहीत नसलं की अधिकाऱ्याचा चेहरा बदलतो. शेवटी डिटेक्टरवर धूर सोडून बघतात. इथे एक गंमत अगदी नव्याकोऱ्या हॉस्पिटलांत होते: रंगकामाची धूळ जाऊ नये म्हणून डिटेक्टरवर लावलेली प्लास्टिकची टोपी काढायचीच राहून गेलेली असते. अलार्म कसा वाजणार!

म्हणून अर्ज करण्याआधी स्वतः एक कोरडी पाहणी करा. तुमच्या स्टाफसह, एजन्सीला लांब ठेवून. जे काही अधिकारी विचारेल ते आधी तुम्हीच विचारा.

दिवसांचं विचाराल तर खरं उत्तर असं की कार्यालयात जाणारा वेळ हा एकूण वेळेचा लहान भाग असतो. नकाशा नियमात बसणारा असेल, कागद पूर्ण असतील, तर प्रोव्हिजनलला फार ताणत नाहीत. वेळ खातात त्या त्रुटी. क्षेत्रफळ एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, मालकाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक, सोसायटीची संमती तोंडी. प्रत्येक त्रुटीला फाईल परत येते आणि रांगेत मागे लागते. सगळं धरून काही महिने हाताशी ठेवा. आणि त्या काळात भाडं सुरू करू नका. करारात लिहून घ्या की भाडं अंतिम एनओसी मिळाल्यापासून, किंवा फार तर प्रोव्हिजनल मिळाल्यापासून सुरू होईल आणि वापरबदल नाकारला गेला तर अनामत परत मिळेल. मालक कुरकुर करतील. पण जे मालक 'एनओसी लागतच नाही' असं छातीठोक सांगतात, त्यांना ही अट मान्य करायला काहीच हरकत नसावी.

एजन्सीबद्दल आणखी एक. 'साहेबांशी बोलणं झालंय, तुम्ही टेन्शन घेऊ नका' असं कुणी म्हणालं तर चहा पाजा आणि निरोप द्या. अशा वाटेने मिळालेला कागद आगीच्या दिवशी कुणाच्याही कामाचा नसतो. चौकशीत पहिला प्रश्न येतो तो मालक आणि भोगवटादारावर. हॉस्पिटल चालवणारे म्हणून भोगवटादार तुम्ही आहात, आणि कायद्याने जबाबदारी मालकाइतकीच तुमचीही आहे. कायद्यात अशा कसुरीला दंड आहे आणि तुरुंगवासही आहे. नोटीस देऊनही पूर्तता झाली नाही तर वीज-पाणी तोडण्याचा आणि जागा रिकामी करायला लावण्याचा अधिकार अग्निशमन खात्याला आहे. वीज तोडलेलं हॉस्पिटल एक दिवसही चालत नाही.

अंतिम एनओसी फ्रेम करून रिसेप्शनवर लावली की लोकांना वाटतं सुटलो. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' अग्निशमन खात्याकडे द्यावा लागतो. हा फॉर्म न बघता सही करून देणाऱ्या एजन्सी आहेत, त्यांचा दरही कमी असतो. सोप्पी परीक्षा सांगतो: त्यांच्या माणसाने तपासणीच्या दिवशी पंप चालवला की नाही, आणि होज रील पूर्ण ओढून पाणी सोडलं की नाही, हे तुमच्या मेट्रनला विचारा. नाही म्हणाली तर पुढच्या वेळी एजन्सी बदला. फॉर्म बीची जबाबदारी आणि खर्च मालकाचा की तुमचा, गच्चीवरच्या पंपाची देखभाल कोण करणार, पंपाचं वीजबिल कोणाच्या मीटरवर, हेही भाडेकरारातच लिहून घ्या. पंप इमारतीचा आणि रुग्ण तुमचे असतात तेव्हा या बारीक गोष्टींवरूनच दोन वर्षांनी भांडणं होतात.

तर या आठवड्यात एवढंच करा. मालकांकडून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घ्या. टेप घेऊन जिना, बोळ, जिन्याचं तळमजल्यावरचं तोंड आणि बाजूची मोकळी जागा मोजा. गच्चीच्या मालकीबद्दल विचारा. मग हे सगळं घेऊन स्थानिक अग्निशमन कार्यालयात जा आणि औपचारिक अर्जाच्या आधी अधिकाऱ्यांना नकाशा दाखवा. बरेच अधिकारी असं आधी विचारायला येणाऱ्याला नीट सांगतात, कारण पुढे फाईल परत पाठवायचा त्यांचाही त्रास वाचतो. जिना 1.2 मीटरचा निघाला आणि बाजूला जागाही नसली, तर दुसरी इमारत शोधा, ही कितीही मोक्याची असली तरी. जिना किंवा बाजूची जागा पुरेशी निघाली तर मापं इथेच टाका. त्यात किती खाटा आणि कुठे बसतील ते मी बघून सांगतो.